पॉइंट टू-टू : एका चांगल्या रायफलीचा शोध

गेल्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ घरी आला. चहा झाला, तिळगूळ झाला, उसाच्या भावावर बोलून झालं. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "दादा, पोरीला रायफल घ्यायचीय. तेवढं तू बघ."

आमच्या घरात 'तू बघ' याचा अर्थ ठरलेला आहे. पैसे त्याचे, निर्णय माझा आणि चुकलं तर बोल कुणीच लावायचा नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात जड. हिंजवडीत आमच्या वडिलांची भाताची खाचरं होती. त्यातली बरीचशी आयटी पार्क येण्याआधी आणि नंतर टप्प्याटप्प्याने गेली. जे दोन-चार गुंठे उरले होते, तेही भावाने मागच्या वर्षी विकले. त्यातून मुलीची रायफल घ्यायची, असं त्याने ठरवलं होतं. जमिनीचा शेवटचा तुकडा एका लोखंडी नळीत जाणार होता आणि ती नळी मी पारखायची होती.

माझी पात्रता सांगतो. मी आयटीआय झालेला मशिनिस्ट. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आणि पुढे तपासणी विभागात मिळून 31 वर्षं काढली. भोकाचा व्यास, पृष्ठभागाची गुळगुळी, दोन अक्ष एका रेषेत आहेत की नाहीत, हे बघण्यात आयुष्य गेलं. नेमबाज मी नाही. आजवर मोजून साठेक गोळ्या झाडल्या असतील, त्याही पुतणीच्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली. बाकीचं सगळं वाचून, विचारून, मोजून आणि एकदा मोठी चूक करून शिकलो. ती चूकही या लेखात येईल, कारण तिच्याशिवाय बाकीचं अर्धवट राहतं.

आपल्याकडची पॉइंट टू-टू

रायफल हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक किंवा शिकारी येतो. पण महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींनी पहिल्यांदा हातात घेतलेली रायफल ही एनसीसीची पॉइंट टू-टू असते. चटईवर पालथं झोपून, 25 यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या. तेवढ्याने बहुतेकांची हौस फिटते. काहींची फिटत नाही. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीमुळेच या खेळाकडे वळल्या. सिडनीच्या 2000 सालच्या ऑलिंपिकमध्ये त्या एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. माझ्या पुतणीचीही सुरुवात कॉलेजातल्या एनसीसीनेच झाली.

या खेळाच्या संघटनेचा आरंभही एका मराठी नावापाशी जातो. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया 1951 साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब, म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे.

हिंजवडीहून वाकडला आलं आणि मुळा ओलांडली की बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि 2008 मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तिथल्या शूटिंग रेंजवर घडलेला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन गेला. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच्या आधी, 2010 साली, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकलं होतं. तिचे गुण होते 600 पैकी 597. साठ गोळ्यांत मिळून तीन गुण गेले. ही दोन्ही पदकं पॉइंट टू-टूची आहेत.

आणि काडतुसाचं म्हणाल, तर आमच्या या पट्ट्याचं त्याच्याशी नातं फार जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. आज तो ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. इतकं सगळं हाकेच्या अंतरावर असताना, चांगली रायफल म्हणजे काय हे मात्र मला आमच्या भागात एका जागी कुणी सांगू शकलं नाही. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. ते तुकडे जुळवण्याचा हा प्रयत्न.

काठात भरलेली ठिणगी

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस बरोबर एक इंच लांबीचं असतं. करंगळीच्या पेरापेक्षा थोडंसंच मोठं. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने ते 1887 साली आणलं. त्याची मुळं त्याहून मागे, 1845 च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्लोबेरने बनवलेल्या, घरातल्या निशाणबाजीच्या काडतुसापर्यंत जातात.

याला रिमफायर म्हणतात ते त्याच्या बुडाच्या काठामुळे. मोठ्या रायफलींच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी वाटी असते आणि ठिणगी पाडणारं रसायन तिच्यात असतं. इथे तशी वाटी नाही. पितळी नळकांड्याचा काठ दुमडलेला, आतून पोकळ. त्या पोकळीत ओलं रसायन गरागरा फिरवून पसरवतात. फायरिंग पिन काठावर आदळते, काठ चेंबरच्या कडेवर चेपला जातो आणि ठिणगी पडते.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात आणि रायफल निवडताना तिन्ही लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली: रसायन काठात सगळीकडे सारखं पसरलं नाही, तर ठिणगी कमीजास्त होते. ठिणगी कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला साधारण 325 मीटर, जाणूनबुजून ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवलेला. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डळमळते, ते टाळण्यासाठी. आता हिशेब करू. 50 मीटर कापायला गोळीला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 12 सेंटिमीटर खाली ओढतं. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा 10 मीटरने कमी असेल, तर ती आणखी सातएक मिलिमीटर खाली लागते. निशाणावरच्या दोन वर्तुळांमधलं अंतर 8 मिलिमीटर असतं. मुलगी दगडासारखी स्थिर राहिली, रायफल निर्दोष असली, तरी काडतुसातल्या फरकानेच जवळजवळ एक गुण गेला.

दुसरी: मोठ्या काडतुसासारखं हे पुन्हा भरता येत नाही. नेमबाजाला काडतूस स्वतः सुधारायची सोय नाही. कारखान्याने जे दिलं ते दिलं. म्हणून इथे 'लॉट' नावाचा देव आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांवर वेगवेगळे लॉट नंबर असतात आणि एका रायफलीला एक लॉट मानवतो, दुसरा मानवत नाही. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस आणि लापुआ या कंपन्या स्वतःच्या चाचणी-रेंज चालवतात, त्या यासाठीच. रायफल शिकंज्यात आवळतात, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि जो मानवेल तो लॉट नेमबाज वर्षभरासाठी उचलतो.

तिसरी: पिन काठावर आपटते आणि काठ चेंबरच्या कडेवर टेकलेला असतो. म्हणजे काडतूस नसताना उगाच खटके ओढत बसलं, तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खोक पडते. जुनी रायफल बघताना सगळ्यात आधी भिंग आणि टॉर्च घेऊन ही कड बघावी. तिथे ठोका दिसला तर मालक कितीही गोड बोलला तरी सावध व्हावं.

नळीचं पोट आणि नळीचं तोंड

आमच्या धंद्यात 'गन ड्रिलिंग' हा रोजचा शब्द आहे. इंजिनच्या भागांना, हायड्रॉलिकच्या ठोकळ्यांना लांब, सरळ, बारीक भोक पाडायचं असलं की गन ड्रिल लावतात. तीस वर्षं हा शब्द वापरूनही तो बंदुकीच्या नळीवरून आला, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. नळी अशीच बनते. पोलादाच्या भरीव दांड्यात लांब भोक, मग रीमिंग, मग आत सर्पिल खाचा आणि चांगल्या कारखान्यात शेवटी हाताने लॅपिंग.

या खाचा गोळीला फिरकी देतात. पॉइंट टू-टूमध्ये साधारण 16 इंचांत एक वेढा. 325 मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे 800 फेरे, म्हणजे मिनिटाला 48 हजार फेरे घेते. भोसरीत मी ज्या स्पिंडलांवर काम केलं, त्यातलं एकही याच्या जवळपास फिरत नव्हतं. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू किंचितही असमतोल झाली तर काय होतं, हे मशिनवाल्याला समजावून सांगावं लागत नाही.

नळीत दोन गोष्टी बघायच्या. एक, आतला व्यास चेंबरकडून तोंडाकडे सारखा राहिला पाहिजे किंवा अगदी किंचित आवळत गेला पाहिजे. तोंडाकडे सैल झालेली नळी गोळीला शेवटच्या क्षणी मोकळी सोडते. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रायफल मोकळी करून, बोल्ट काढून, मऊ शिशाचा तुकडा जाड सळईने नळीतून सावकाश ढकलायचा. हाताला सगळं कळतं. कुठे अडलं, कुठे एकदम सुटलं. बोअर गेज चालवणाऱ्या हाताला तर फारच लवकर कळतं. सळई मात्र पितळी किंवा आवरण असलेली हवी आणि हे काम जाणकारापुढेच करावं.

दुसरी गोष्ट, नळीचं तोंड. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श इथे होतो. या कडेवर बारीकशी बुर असली किंवा साफसफाईच्या सळईने एक बाजू झिजलेली असली, तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. ही कड आरशासारखी आणि सगळीकडून सारखी दिसली पाहिजे.

आणि एक दिलासा. पॉइंट टू-टूची नळी लवकर मरत नाही. दाब कमी, गोळी शिशाची आणि तीवर मेणाचं वंगण. झीज होते ती मुख्यतः चेंबरच्या लगेच पुढे, कारण ठिणगीच्या रसायनात घर्षणासाठी काचेची पूड असते. म्हणून वीस वर्षं वापरलेली, पण नीट राखलेली रायफल कपाटात गंजलेल्या नव्या रायफलीपेक्षा कितीतरी चांगली. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हे 'नीट राखणं' म्हणजे रोज पुसणं, तेलाचा हात फिरवणं आणि रायफल ओल्या पेटीत बंद न करणं.

शरीराला बसणारं यंत्र

नळीवर माझा जीव जडला होता, हे कबूल करतो. ती माझ्या ओळखीची होती. पण प्रशिक्षक म्हणाले, "नळी रायफलीची असते. दस्ता मुलीचा असतो."

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, प्रत्येकी वीस अशा साठ गोळ्या. नियमांप्रमाणे रायफल जास्तीत जास्त 8 किलोची. ती या तीन अवस्थांत एकाच शरीराला तीन वेगळ्या तऱ्हांनी बसवावी लागते. गालपट्टी वर-खाली, खांद्याची पट्टी मागे-पुढे आणि तिरकी, हाताचा आधार पुढे-मागे. प्रत्येक अवस्थेचे आकडे वहीत लिहून ठेवावे लागतात. तपासायचं ते इतकंच की स्क्रू आवळल्यावर प्रत्येक भाग जिथे ठेवला तिथेच राहतो का आणि उद्या त्याच आकड्यावर परत आणता येतो का.

दस्ता लाकडी की ॲल्युमिनियमचा, यावर रेंजवर चहाच्या टपरीइतकेच वाद होतात. लाकूड हाताला ऊबदार, धक्का मुरवणारं. पण आषाढात ते पाणी पितं आणि नळीची बैठक बदलते. धातूचा दस्ता हवामानाला दाद देत नाही, मात्र त्याचे जोड जास्त. दोन्हींत नळीची बैठक धरणारे स्क्रू टॉर्क पान्याने दर वेळी एकाच आकड्याला आवळले पाहिजेत. हा नियम मी न सांगताच मला पाठ होता.

मग ट्रिगर. 50 मीटर रायफलीत ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नाही. बरेच जण शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दर वेळी तो एकाच जागी, खरखर न होता सुटला पाहिजे. ट्रिगर सुटल्यापासून पिन आदळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यातही नेम हलतो, म्हणून हा वेळ जितका कमी तितकं बरं.

शेवटी डायॉप्टर, म्हणजे मागची छिद्राची साइट. पुढच्या कड्यात काळं निशाण गोल बसवायचं. डायॉप्टरला चक्र्या असतात, एकेक 'क्लिक' फिरवलं की मारा थोडा सरकतो. इथे माझ्या धंद्यातला जुना शत्रू भेटला: बॅकलॅश. चाचणी सोपी आहे. एक ग्रुप झाडा, मग वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे आणि पुन्हा एक ग्रुप. तो पहिल्यावर येऊन बसला तर साइट खरी. पाच मिलिमीटर बाजूला पडला तर आटे झिजलेत.

माझी चूक

आता ती गोष्ट.

तीन महिने वाचन करून मी एक तक्ता बनवला. निशाणावरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. गोळी 5.6 मिलिमीटरची आणि रेषेला स्पर्श केला तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला की दहा. म्हणून रायफलीचा स्वतःचा विखुरलेपणा मध्यापासून मध्यापर्यंत 16 मिलिमीटरच्या बराच आत हवा, म्हणजे माणसाच्या हातासाठी जागा उरते. मी मर्यादा ठरवली 14.

खेळ सोडलेल्या एका नेमबाजाकडे जुनी आन्शुट्झ होती. उल्मच्या या कंपनीचं नाव या खेळात आपल्याकडच्या जुन्या गोदरेज कपाटासारखं घेतलं जातं. चेंबरची कड स्वच्छ, नळी हाताला एकसारखी, ट्रिगर मधासारखा. मालकाने भिंतीवर लावलेला एक कागद दाखवला: पाच गोळ्या, एकच भोक. मी मनात हसलो. तपासणी विभागात ज्याने काम केलंय तो निवडलेल्या पाच नमुन्यांवर विश्वास ठेवत नाही. पन्नास चकरा काढल्या तर त्यात एक पाचाची जोडी सुंदर निघतेच. मी रेंजवर, प्रशिक्षक आणि मालक यांच्यापुढे, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून पन्नास गोळ्यांची चाचणी घ्यायला लावली. दहा-दहाचे पाच ग्रुप. सरासरी आली 19.6 मिलिमीटर.

मी 'नको' म्हणालो. तक्ता भावाला दाखवला. त्याने तो नीट पाहिला, कळल्यासारखी मान हलवली. पुतणीने एकदाच विचारलं, "काका, नक्की?" मी म्हणालो, आकडे खोटं बोलत नाहीत.

चार महिन्यांनी तीच रायफल दुसऱ्या एका मुलीने घेतली. तिने वेगळ्या लॉटची काडतुसं लावली. ग्रुप 12 मिलिमीटरच्या आसपास येऊ लागले. प्रशिक्षकांनी मला हे काहीही न सुचवता, हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगितलं.

त्या रात्री मी तक्ता पुन्हा काढला. पन्नास गोळ्या, मोजमाप बरोबर, सरासरी बरोबर. फक्त पन्नासही गोळ्या एकाच डब्यातल्या होत्या. माझ्याकडे रायफलीचा आकडा नव्हताच. रायफल आणि एक लॉट या जोडीचा आकडा होता आणि तो मी एकट्या रायफलीच्या माथी मारला होता. भोसरीत एखाद्या पोराने एकाच टूल-बिटवर लेथ नापास केला असता, तर मी त्याला दुपारच्या जेवणाआधी उभा-आडवा घेतला असता.

त्या हंगामात पुतणी क्लबची रायफल पाळीपाळीने वापरत राहिली. प्रत्येक वेळी दस्त्याचे आकडे बदलायचे, आधीच्याचं मोजमाप पुसायचं, आपलं लावायचं. पुढच्या टप्प्याची पात्रता तिची दोन गुणांनी हुकली. ती रायफल असती तर मिळाली असती, असं मी म्हणू शकत नाही. नसतीच मिळाली, असंही म्हणू शकत नाही. घरात कुणी काही बोललं नाही. ठरलंच होतं तसं.

कागदाची वाट

मधल्या काळात कायदा वाचला, कारण रायफल पसंत पडण्याआधी ती घेता येते का, हे कळायला हवं. 1959 च्या शस्त्र कायद्यात पॉइंट टू-टूला वेगळी वागणूक आहे, हे मला तिथेच समजलं. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणाच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल हवी असेल, तर परवाना देण्याबाबत कलम 13 मध्ये खास उल्लेख आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. पण क्लबच्या सदस्याची सरावाची पॉइंट टू-टू या मर्यादेबाहेर ठेवलेली आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी वय 21 पूर्ण लागतं. पुतणी बावीस वर्षांची, म्हणून प्रश्न नव्हता.

हिंजवडी 2018 पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येते, तेव्हा अर्ज तिथे. क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांचे गुणपत्रक, रायफल ठेवायची जागा, सगळ्याचे कागद. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांना एकच सांगतो: कागद आधी सुरू करा, रायफल नंतर शोधा. उलटं केलं तर हातात आलेली चांगली रायफल वाट बघत थांबत नाही. आणि घरात पोलादी कपाट, त्याची किल्ली एकाकडेच, काडतुसं वेगळ्या कुलपात. या गोष्टीला आमच्या घरी कुठलाही अपवाद नाही.

दुसऱ्यांदा

दुसऱ्या खेपेला मी तक्ता बदलला. नवी घ्यायची की जुनी, यावर फार वेळ घालवला नाही. नव्यांमध्ये आन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ ही जर्मन घराणी आणि ब्लायकर, ग्रुनिग-एल्मिगर ही स्वित्झर्लंडची. सगळ्या इतक्या चांगल्या की राष्ट्रीय पातळीच्या खाली त्यांच्यातला फरक नेमबाजाला शोधूनही सापडणार नाही. फरक सापडतो तो बजेटमध्ये. नवी घेतली असती तर काडतुसांना पैसे उरले नसते आणि पॉइंट टू-टूमध्ये काडतूस हा दर महिन्याचा किराणा आहे. म्हणून ठरवलं: मधल्या वयाची, चांगल्या घराण्याची, जिचे सुटे भाग मिळतात अशी रायफल घ्यायची आणि वाचलेल्या पैशांत एका चांगल्या लॉटचा साठा.

या वेळी क्रम असा होता. आधी पुतणीने रायफल तिन्ही अवस्थांत धरून पाहिली, गोळी न झाडता, अर्धा तास. तिला ती बसली नसती तर पुढचं काही करायचंच नव्हतं. मग भिंग आणि टॉर्च: चेंबरची कड, नळीचं तोंड. मग शिशाचा तुकडा. मग क्लिकांची चौकोनी चाचणी. आणि शेवटी चार वेगळे लॉट, प्रत्येकाच्या चाळीस गोळ्या. लॉट बदलताना सुरुवातीच्या पाच-सात गोळ्या मोजल्या नाहीत, कारण प्रत्येक काडतुसाचं मेण वेगळं असतं आणि नळीला नव्या मेणाची सवय व्हायला तेवढ्या लागतात. हेही पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं.

चार लॉटची सरासरी आली 18.1, 15.3, 11.8 आणि 16.7. पहिल्या वेळच्या पद्धतीने गेलो असतो आणि नशिबाने पहिला डबा हातात आला असता, तर हीसुद्धा मी नापास केली असती.

रायफल घेतली. तिसऱ्या लॉटचे जेवढे डबे मिळाले तेवढे उचलले. परवान्यावर नोंद झाली, कपाट भिंतीला बोल्टने आवळलं. भावाने रायफल हातात घेतली, वजन पाहिलं आणि परत दिली. म्हणाला, "बापाच्या नांगरापेक्षा हलकी आहे." एवढंच. जमिनीबद्दल तो कधीच बोलत नाही.

पुतणी आता रोज पहाटे, कंपन्यांच्या बसेस रस्ता अडवायच्या आत, वाकडच्या पुलावरून बालेवाडीला जाते. माझा तक्ता तिने मागून घेतला होता. परवा पाहिला तर तिने त्यात 'पास' आणि 'नापास' हा माझा रकाना खोडून तिथे चार नवे रकाने आखलेत: लॉट, तापमान, स्क्रूचा टॉर्क आणि 'मी किती झोपले होते'. शेवटचा रकाना माझ्या हिशेबात कधीच नव्हता. या आठवड्याचा तिसरा लॉट संपत आलाय आणि तोच नंबर पुन्हा मिळणार नाही. म्हणजे दिवाळी झाली की पुन्हा वाळूच्या पिशव्या, पुन्हा चार डबे, पुन्हा चाळीस-चाळीस गोळ्या. या वेळी मोजमाप मी घेणार आणि निर्णय ती.